वृद्धाश्रमांची पारख

जालन्याच्या कादराबाद भागांतील एक कुटुंब श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. कुटुंब काल्पनिक आहे. पण त्याची अडचण काल्पनिक नाहीं. मुलगा बियाण्यांच्या एका कंपनींत हिशेबनीस, सून शाळेंत शिक्षिका, नातू पुण्यास शिकावयास. घरांत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. गेल्या पावसाळ्यांत न्हाणीघरांत तिचा पाय घसरला, खुब्याचें हाड मोडलें, छत्रपती संभाजीनगरास शस्त्रक्रिया झाली, आणि ती घरीं परतली ती दुसऱ्याच्या आधारावांचून उठूं न शकणारी होऊन. दिवसा कामाला ठेवलेली बाई दोन महिन्यांनीं गेली. तिच्यामागून आलेली तीन आठवड्यांत. रात्रीं तीनदां उठावें लागतें आणि सकाळीं सातला सुनेला शाळा गांठावयाची असते. अखेर एके दिवशीं आईच म्हणते, "अरे बाबा, मला कुठंतरी नीट ठिकाणीं ठेव. तुम्हां दोघांचे हाल मला बघवत नाहींत."

लोक काय म्हणतील हा प्रश्न प्रथम फार मोठा वाटतो. पण तो चार दिवसांत मागें पडतो. मागें पडत नाहीं तो प्रश्न निराळाच असतो : ठेवावयाचें तर कोठें? तीन-चार नांवें कानांवर येतात. एकाची जाहिरात चांगली, दुसऱ्याचे संचालक ओळखीचे, तिसरें ठिकाण स्वस्त. यांपैकीं कोठें आई अधिक सुखानें आणि अधिक निरोगी राहील, हें सांगणारा एकहि आंकडा कोणाजवळ नसतो.

आणि हें घडतें तें कोणत्या गांवांत? बियाण्यांच्या गांवांत. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं महिको कंपनी स्थापन केली आणि पुढें जालन्याचें नांव संकरित बियाण्यांसाठीं देशभर झालें. १९६६ च्या बियाणें कायद्याप्रमाणें अधिसूचित वाणाच्या पिशवीवर उगवणशक्तीची खूण असावी लागते. परतूरचा किंवा भोकरदनचा शेतकरी पिशवी उलटून ती वाचतो. उगवणशक्ती काढण्याची रीतहि ठरलेली आहे. ४०० दाणे मोजून घ्यावयाचे, ठराविक ओलाव्यांत आणि उष्णतेंत ठेवावयाचे, ठराविक दिवसांनीं कोंब मोजावयाचे. वाद पडलाच तर नमुना विक्रेत्याच्या हातून घेत नाहींत, निरीक्षक तो स्वतः काढतो. कपाशीच्या बियाची एवढी परीक्षा होते. म्हाताऱ्या आईला ज्या घरांत ठेवावयाचें त्या घराची परीक्षा मात्र फाटकावरील पाटी वाचून आटोपते.

प्रथम शब्दांचा एक घोळ दूर केला पाहिजे. पाश्चात्य देशांत ज्याला नर्सिंग होम म्हणतात, तें वृद्ध व अपंग माणसांच्या कायमच्या वस्तीचें ठिकाण असतें. तेथें परिचारिका रात्रंदिवस असते आणि बहुतेक रहिवासी अखेरपर्यंत तेथेंच राहतात. महाराष्ट्रांत नर्सिंग होम म्हटलें कीं बाळंतपणाचा किंवा शस्त्रक्रियेचा खाजगी दवाखाना डोळ्यांपुढें येतो. मुंबई राज्याच्या १९४९ च्या ज्या कायद्यानें अशा घरांची नोंदणी होते, त्याचें आजचें नांव महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. मौज अशी कीं त्या कायद्याच्या व्याख्येंत रोग आणि इजा यांच्याबरोबर शारीरिक दुर्बलतेचाहि उल्लेख आहे, आणि उपचार व शुश्रूषा जेथें दिली जाते तें घर त्यांत येतें. ही व्याख्या काटेकोर वाचली, तर ज्या वृद्धाश्रमांत पांच-दहा माणसें अंथरुणाला खिळलेलीं आहेत, तो त्याच्या उंबरठ्यावर उभा आहे असें म्हणावें लागेल. परंतु वृद्धाश्रमांकडे आपण धर्मादाय कार्य म्हणून पाहतों. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, असें आपल्याकडे म्हणतात. त्यामुळें दांत मोजावयाचे राहून जातात.

कायद्यानें या घरांकडे अगदींच पाठ फिरविली आहे असें मात्र नाहीं. महाराष्ट्रांत १९९५ सालीं मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली; प्रत्येक आश्रमांत शंभर वृद्धांची सोय व्हावयाची होती. २००७ च्या केंद्रीय कायद्यानें आईबापांच्या निर्वाहाचा भार मुलांवर टाकला आणि कलम १९ मध्यें प्रत्येक जिल्ह्यांत किमान एक, निदान दीडशें निराधार वृद्ध राहतील असा आश्रम सरकारनें काढावा असें म्हटलें. इंग्रजी मसुद्यांत तेथें 'काढूं शकेल' अशा अर्थाचें क्रियापद आहे, 'काढलाच पाहिजे' असें नाहीं. आणि क्रियापदांतील हा फरक व्याकरणाच्या तासापुरताच असता तर बरें झालें असतें. डिसेंबर २०१९ मध्यें या कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक लोकसभेंत आलें. वृद्धांच्या सर्व निवासगृहांची नोंदणी आणि त्यांच्यासाठीं किमान दर्जा, हें त्यांत होतें. २०२४ मध्यें लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक तिच्याबरोबरच संपलें.

तेव्हां पारख करावयाची ती नातलगांनींच. ती कशी करावी?

वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचा विचार करतांना अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन या विद्वानानें १९६६ सालीं एक विभागणी सुचविली, ती आजतागायत सर्वत्र वापरली जाते. एक, तेथें काय आहे : इमारत, माणसें, साधनें. दोन, तेथें काय केलें जातें. तीन, त्याचा परिणाम काय होतो. भेटीला आलेल्या नातलगाच्या नजरेला पहिला भाग तेवढा पडतो. गुळगुळीत फरशी, फाटकाजवळचें छोटें देऊळ, कुंड्या, दिवाणखान्यांतील मोठा टेलिव्हिजन. दुरून डोंगर साजरे ही म्हण जणूं याच प्रसंगासाठीं झाली आहे. गुळगुळीत फरशी तर ओली झाली म्हणजे म्हाताऱ्या पायांची वैरीणच. कादराबादच्या त्या आईचा खुबा असल्याच फरशीवर मोडला. दुसरा आणि तिसरा भाग पाहावयास मागल्या खोल्यांत जावें लागतें, आणि काय पाहावयाचें हें आधीं ठाऊक असावें लागतें.

सर्व मापांत पहिला मान शय्याव्रणाला द्यावा लागेल. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला म्हणजे हाड आणि अंथरूण यांच्या मध्यें मांस चेपलें जातें, तेथला रक्तप्रवाह थांबतो, आणि कांहीं तासांत कातडी मरूं लागते. माकडहाड, खुबे, टांचा या त्याच्या ठरलेल्या जागा. आरंभीं तेथें नुसती लाली दिसते; बोटानें दाबून सोडलें असतां ती पांढरी पडत नाहीं, हीच धोक्याची खूण. आपल्या लोकांच्या सांवळ्या कातडीवर ही लाली डोळ्यांना सहसा दिसत नाहीं. तेथें तळहात फिरवून कढतपणा किंवा घट्टपणा पाहावा लागतो. या अवस्थेंत लक्ष दिलें तर चार दिवसांत ती जाते. दुर्लक्ष झालें तर जखम हाडापर्यंत पोंचते आणि महिनोन् महिने भरत नाहीं. उपाय साधे आहेत : साधारण दर दोन तासांनीं कूस पालटणें, कातडी कोरडी ठेवणें, हवेची गादी, पोटांत पुरेसें डाळ-दूध. साधे आहेत, पण रात्रीं करावे लागतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत अशी जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो असें मत दिलें आहे. आज डॉक्टर तिला थोडा अपवाद जोडतील, कारण मरणाच्या दारांतील कित्येक रोग्यांची कातडी कितीहि जपली तरी टिकत नाहीं. तरीहि मुख्य गोष्ट खरी आहे. रात्रीं दोन वाजतां कोण जागें होतें, याची साक्ष रोग्याची पाठ देते.

म्हणून वृद्धाश्रमाच्या चालकांना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच : गेल्या वर्षभरांत येथें आल्यानंतर किती जणांना शय्याव्रण झाले? 'आल्यानंतर' हा शब्द महत्त्वाचा आहे. इस्पितळांतून जखम घेऊन आलेल्या रोग्याचें खापर आश्रमाच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल.

दुसरें माप वजनाचें. तें इतकें सोपें आहे कीं त्याचें महत्त्व कोणाला पटत नाहीं. अमेरिकेंतील नर्सिंग होममध्यें एका महिन्यांत शेंकडा ५ किंवा सहा महिन्यांत शेंकडा १० वजन घटलें, आणि तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें मुद्दाम घटविलेलें नसेल, तर तें घराच्या आंकड्यांत धरलें जातें. आई ४४ किलो भरली असेल, तर महिन्यांत २ किलो २०० ग्रॅम कमी होणें ही धोक्याची सूचना. जालन्याच्या मोंढ्यांत तूर आणि मका यांना क्षणाक्षणाला कांटा लागतो. आश्रमांतील माणसांना महिन्यांतून एकदां लागावयास काय हरकत आहे? वजन घटण्यामागें नेहमींच उपासमार नसते. कवळी सैल झालेली असते, ज्वारीची भाकरी चावत नाहीं, ती कुसकरून वरणांत भिजवून देण्यास कोणी मोकळें नसतें, ताट समोर येतें आणि तसेंच परत जातें. ताट परत गेलें हें कोणी पाहिलें काय, येथें सगळा प्रश्न आहे.

पाण्याचेंहि तसेंच. म्हातारपणीं तहान मंदावते. शिवाय पुष्कळ वृद्ध स्त्रिया मुद्दामच पाणी कमी पितात, कारण लघवीला नेण्यासाठीं रात्रीं हांक मारावयाची म्हणजे कोणाचीं तरी बोलणीं खावीं लागतात. यांतून मूत्रमार्गाचे विकार होतात, आणि त्या तापांत बरी बोलती-चालती बाई असंबद्ध बडबडूं लागते. घरचे लोक तिला वेड लागलें असें समजतात. जालन्याला उन्हाळ्याची भर आहे. चैत्र-वैशाखांत पारा चाळिसांच्या वर जातो. घाणेवाडीचा तलाव आटला आणि जायकवाडीची नळवाहिनी अजून पुरी झालेली नाहीं, अशा २०१२-१३ च्या अवर्षणांत हा जिल्हा राज्यांतील अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं होता. तेव्हां एप्रिल-मे महिन्यांत किती रहिवाशांना सलाईन लावावें लागलें, हा प्रश्न पाश्चात्यांच्या कोणत्याहि यादींत नसला तरी जालन्याच्या यादींत असावा.

पडण्याचें माप सगळ्यांना सुचतें, आणि तेंच सर्वांत फसवें आहे. ज्या घरांत वर्षांत कोणीच पडलें नाहीं, तें घर चांगलें काय? असेलहि. पण माणसांना पलंगाबाहेर पाय टाकूंच दिला नाहीं, किंवा खुर्चीला धोतराच्या पट्टीनें बांधून ठेवलें, तरीहि कोणी पडत नाहीं. मग महिन्याभरांत पायांतील बळ जातें आणि चालणारी बाई कायमची अंथरुणांत जाते. म्हणून पडल्याचा आंकडा एकटा कधीं घेऊं नये. त्याच्या शेजारीं दोन आंकडे मांडावेत : किती जणांना बांधून ठेवलें जातें, आणि आल्यावेळीं चालत असलेले किती जण सहा महिन्यांनीं चालतात.

बांधण्याचा एक अदृश्य प्रकारहि आहे. तो औषधांचा. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध रात्रीं ओरडतो, दार वाजवितो. त्याला मनोविकारावरील जालीम गुंगीचें औषध दिलें कीं सगळें शांत. भेटीला आलेला पाहुणा "किती शांतता आहे हो!" असें म्हणून खुष होतो. या औषधांनीं स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचें प्रमाण वाढतें, असा इशारा अमेरिकेच्या औषध-खात्यानें २००५ मध्यें दिलेला आहे. म्हणून त्या देशांत हें माप जाहीर होऊं लागलें. आणि तेथें जें झालें तें आपण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

अमेरिकेंत १९८६ च्या एका मोठ्या चौकशी-अहवालानंतर १९८७ मध्यें नर्सिंग होमच्या सुधारणेचा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाची ठराविक नमुन्यांत तपासणी सुरू झाली. १९९८ पासून घराघरांची तुलना लोकांना पाहावयास मिळूं लागली आणि २००८ च्या अखेरीस प्रत्येक घराला एक ते पांच तारे देण्यांत येऊं लागले : निरीक्षकांच्या तपासणीचे, नोकरवर्गाचे आणि आरोग्याच्या मापांचे मिळून. निरीक्षक बाहेरचे असत. परंतु उरलेल्या दोन बाबतींत घरांनीं स्वतः भरून दिलेली माहिती वर्षानुवर्षें प्रमाण मानली जात होती. परीक्षार्थ्यानेंच उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार. नोकरांच्या बाबतींत तो २०१६ पासून बंद करण्यांत आला. तेव्हांपासून पगारपत्रकांवरून तास मोजले जाऊं लागले. गुंगीच्या औषधांची गोष्ट याहून चमत्कारिक. स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या रोग्याला तें औषध खरोखरच लागतें, म्हणून तो रोगी आंकड्यांतून वगळण्याचा नियम होता. झालें! ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना, ज्या वयांत हा रोग नव्यानें क्वचितच होतो, त्या रोगाचीं निदानें कागदावर चिकटूं लागलीं आणि घरांचे तारे अबाधित राहिले. सरकारला २०२३ मध्यें त्या निदानांचीच तपासणी सुरू करावी लागली.

इंग्लंडमध्यें निराळी रीत आहे. तेथें २०१४ पासून सरकारी आयोगाचे निरीक्षक येऊन 'उत्कृष्ट', 'चांगलें', 'सुधारणा आवश्यक' किंवा 'अपुरें' असा शेरा देतात, आणि २०१५ पासून तो शेरा दारावर लावणें बंधनकारक झालें. 'अपुरें' ही पाटी स्वतःच्या दारावर लावणें म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण दार ठोठावणाऱ्या मुलीला तिचा उपयोग आहे.

आतां तुलनेंतील खरी अवघड जागा. येथें पुन्हां नाइटिंगेलबाईंचेंच उदाहरण घ्यावें लागतें, आणि या खेपेस त्यांच्या चुकीचें. इस्पितळांविषयींच्या आपल्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तींत त्यांनीं इंग्लंडांतील इस्पितळांच्या मृत्युसंख्येचें कोष्टक छापलें. लंडनमधील २४ इस्पितळांत शेंकडा ९० मृत्यू, असें त्यांत दिसलें. शंभर रोग्यांत नव्वद दगावतात! वस्तुतः एका विशिष्ट दिवशीं इस्पितळांत जेवढे रोगी होते, त्या संख्येनें सबंध वर्षाच्या मृत्यूंना भागलें होतें. वर्षभरांत येऊन बरे होऊन गेलेले हजारों रोगी हिशेबांतच नव्हते. त्या वेळच्या डॉक्टरांनीं कडक टीका केली. शिवाय लंडनच्या इस्पितळांत अधिक गंभीर रोगी येतात हेंहि दाखवून दिलें. शेंकडेवारी हा प्राथमिक शाळेंतील विषय खरा. परंतु भाजक कोणता घ्यावा हें ठरविण्यांत थोरामोठ्यांची फसगत होते.

हीच गोष्ट आश्रमांना लावून पाहूं. समजा, पहिल्या आश्रमांत ४० रहिवासी आहेत आणि एकाला शय्याव्रण आहे : शेंकडा अडीच. दुसऱ्यांत ३० रहिवासी आहेत आणि तिघांना आहे : शेंकडा दहा. पहिला आश्रम चौपट चांगला, असें वाटेल. पण पहिल्यांत अंथरुणाला खिळलेले दोघेच आहेत. बाकीचे अडतीस सकाळीं फिरावयास जातात. त्या दोघांपैकीं एकाला जखम. दुसऱ्यांत खिळलेले वीस आहेत आणि त्यांपैकीं तिघांना. ज्याची आई उठूं शकत नाहीं, त्यानें पहिल्या आश्रमाची अर्धी आणि दुसऱ्याची शेंकडा पंधरा अशी तुलना केली पाहिजे. त्याच्या आईसाठीं तेवढीच तुलना खरी. तरीसुद्धां दोघांपैकीं एक ही संख्या इतकी लहान आहे कीं उद्यां ती जखम भरली तर पहिला आश्रम शेंकडा शून्यावर येईल! म्हणून एका महिन्याचा आंकडा न घेतां वर्ष-दोन वर्षांचे आंकडे एकत्र पाहावेत. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण तीं शितें एकाच भांड्यांतलीं, सारखीं शिजलेलीं असतात.

रहिवासी किती परावलंबी आहेत हें मापण्याचें एक सोपें साधन सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरानें १९६३ सालीं प्रसिद्ध केलें. सहा गोष्टी विचारावयाच्या : स्नान, कपडे घालणें, शौचास जाणें, पलंगावरून उठून खुर्चींत बसणें, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हातानें जेवणें. सहापैकीं किती स्वतः जमतात? पांच मिनिटांचें काम आहे. त्यासाठीं डॉक्टरहि लागत नाहीं. प्रवेशाच्या दिवशीं हा आंकडा आणि वजन लिहून ठेवलें, तर सहा महिन्यांनीं तुलना दुसऱ्या आश्रमाशीं करण्याची गरज उरत नाहीं. आईची आईशींच करतां येते. आपल्याकडे हें मोजमाप जमणार नाहीं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावी. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेनें २०१७-१८ मध्यें देशभर घराघरांतून पंचेचाळिशीच्या पुढील ७२,००० हून अधिक माणसांचें वजन, हाताच्या मुठीचें बळ, स्मरणशक्ति, इतकें सर्व मोजलें आहे. महाराष्ट्रांत २०११ च्या शिरगणतींत साठीच्या वरचीं माणसें एक कोटीहून अधिक होतीं. मोजण्याची विद्या देशांत आहे. ती आश्रमाच्या फाटकाआंत शिरलेली नाहीं, एवढेंच.

माणसांच्या संख्येविषयीं थोडें. अमेरिकेंतील २००१ च्या एका सरकारी अभ्यासांत असें आढळलें कीं प्रत्येक रहिवाशामागें दिवसाला सुमारें ४.१ तासांपेक्षां कमी शुश्रूषा असेल तर आरोग्याची हानि होते. तीस रहिवाशांना १२३ तास झाले, म्हणजे चोवीस तासांत आठ-आठ तासांच्या पंधरा पाळ्या. तो श्रीमंत देशसुद्धां हें पाळूं शकला नाहीं. २०२४ मध्यें ३.४८ तासांचा नियम केला, तो २०२५ मध्यें टेक्ससमधील न्यायालयानें रद्द ठरविला. जालन्यांत कोणी पंधरा पाळ्यांची अपेक्षा करूं नये. पण रात्रीच्या पाळीला किती मावशा असतात, हें विचारावें. आणि उत्तरावर न थांबतां हजेरीपट पाहावा. त्याच मावशा वर्षभर टिकतात कीं दर महिन्याला नवा चेहरा, हेंहि हजेरीपट सांगतो. मावशी बदलली म्हणजे आजींना भाकरी कशी कुसकरून लागते, हें ज्ञानहि तिच्याबरोबर जातें.

सुखाचें माप कांट्यावर होत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. तें विचारूनच कळतें. पण विचारणार कोण? संचालक शेजारीं उभे असतां आजी "सगळं छान आहे" असेंच म्हणणार. मुलासमोरहि म्हणणार, कारण त्याच्या जिवाला घोर नको. खरें उत्तर पुष्कळदां तिऱ्हाइतापुढें, दार लोटून घेतल्यावर, इकडच्या तिकडच्या गप्पांतून बाहेर पडतें. ज्यांना नातलगच नाहींत त्यांचें काय? जालना जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर कित्येक कुटुंबें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. अंबड-घनसावंगीकडील खेड्यांत म्हातारीं माणसें मागें राहतात. त्यांतलें कोणी धर्मादाय आश्रमांत आलें तर त्याच्यासाठीं हजेरीपट तपासावयास कोण येणार? वृद्धांच्या मदतीसाठीं १४५६७ हा दूरध्वनि सरकारनें ठेवला आहे. तो फिरविण्यासाठीं हातांत फोन आणि अंगांत धीर लागतो.

यास्तव मापें नातलगांवर सोडून भागणार नाहीं, आणि आश्रमांवर तर नाहींच. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्यें सुरू झाला. त्यांत जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठीं दहा खाटांचा कक्ष योजलेला आहे. त्या कक्षांतील एक परिचारिका महिन्यांतून एकदां वजनाचा कांटा घेऊन जिल्ह्यांतील प्रत्येक आश्रमांत गेली, पाठी आणि टांचा तपासल्या, कॅट्झच्या सहा गोष्टी विचारल्या आणि आंकडे तहसील कचेरींत लावले, तर यांत खर्च तो कितीसा?

याला एक उत्तर दिलें जातें, आणि तें झटकून टाकण्यासारखें नाहीं. कित्येक आश्रम एखाद्या दांपत्यानें पदरमोड करून चालविलेले असतात. रस्त्यावर पडलेला, अंगांत किडे झालेला म्हातारा ते उचलून आणतात. आंकडे टांगले गेले तर सर्वांत वाईट त्यांचेच दिसतील. दोन गोष्टींपैकीं एक होईल : देणगीदार पाठ फिरवतील, किंवा आश्रम असल्या म्हाताऱ्याला दारांतूनच परत पाठवूं लागेल. दुसरी गोष्ट अधिक भयंकर. म्हणून आंकड्यांबरोबर आश्रमानें वर्षांत किती परावलंबी माणसें घेतलीं आणि किती नाकारलीं, हेंहि लिहिलें पाहिजे. ज्यानें सहांपैकीं एकहि गोष्ट न करतां येणारीं वीस माणसें घेतलीं, त्याच्या तीन जखमांकडे पाहण्याची दृष्टि मग आपोआप बदलते. तसें न केल्यास मात्र आंकडे न छापलेलेच बरे.

कादराबादचें तें कुटुंब एका रविवारीं दोन ठिकाणीं गेलें असें समजूं. पहिल्या ठिकाणीं संगमरवरी फरशी होती आणि चहा उत्तम मिळाला. वजनाच्या नोंदीविषयीं विचारल्यावर "आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत" असें उत्तर आलें. दुसऱ्या ठिकाणीं छप्पर पत्र्याचें होतें, पण त्यावर गवत आणि ओलीं पोतीं पसरलेलीं होतीं. पलंगाच्या पायथ्याशीं दोऱ्यानें एक वही बांधलेली होती. बारा वाजतां डावी कूस, दोन वाजतां उजवी, चारला उताणें, अशा तींत खुणा. मधल्या एका रात्रीं दोनची रांग रिकामी होती. सुनेनें त्या रिकाम्या जागेबद्दल विचारलें. तेथील ताई म्हणाल्या, "त्या रात्रीं एकच मावशी होती आणि वरच्या मजल्यावर एक आजोबा गेले. जमलं नाहीं." आजींच्या टांचेवर त्या आठवड्यांत लाली आली होती, तीहि पुढच्या पानावर लिहिलेली होती, आणि पुढें चौथ्या दिवशीं ती गेल्याची नोंद होती.

परतीच्या वाटेवर मुलगा त्या रिकाम्या रांगेविषयींच बोलत राहिला. सून म्हणाली, पहिल्या ठिकाणीं रिकामी रांग दिसलीच नसती, कारण तिथं वहीच नव्हती. पुढच्या सोमवारीं दुसऱ्या आश्रमांत पैसे भरण्यापूर्वीं त्यांनीं आईला कांट्यावर बसविलें. वजन ४३ किलो ७०० ग्रॅम. सहापैकीं दोन गोष्टी स्वतः करते. जेवण हातानें, आणि मलमूत्रावर ताबा. आईनें विचारलें, "हे काय लिहून घेतात रे?" ताईंनीं उत्तर दिलें, "पुढच्या एक तारखेला पुन्हा मोजायचं आहे, आजी. तोवर रोज दोन तांबे पाणी प्यायचं, आणि रात्रीं हांक मारायला लाजायचं नाहीं."